आवाजाची साक्ष

संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायात मला दोन तपांहून अधिक काळ लोटला. या अवधीत माझ्या मेजापाशी ज्या असंख्य फिर्यादी रुजू झाल्या, त्यांत सर्वांत वारंवार येणारी आणि सर्वांत मोघम शब्दांत मांडली जाणारी फिर्याद म्हणजे ‘व्हिडिओ अडकतो’ ही होय. या दोन शब्दांच्या आड निरनिराळे चार-पाच दोष वावरत असतात, आणि त्यांचा निवाडा न करताच जो कारागीर फॉरमॅट मारण्याची तजवीज करतो, तो यंत्राबरोबर यजमानाचेही नुकसान करतो, असे माझे ठाम मत आहे.

मी प्रथम यंत्राला हात लावीत नाही. चित्र थांबल्यावर आवाजाचे काय होते, ते ऐकतो. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबले, तर मजकूर जिथून येतो तिथे, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये किंवा इंटरनेटच्या जोडणीत, अडथळा असल्याचा संशय धरावा. माउसचा बाणही हलेनासा झाला आणि आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहिला, तर ड्रायव्हर, रॅम आणि एसएमपीएस यांची जबानी घ्यावी. परंतु चित्र निश्चल होऊनही आवाज अस्खलित चालू राहिला, तर मजकूर पोहोचतो आहे, त्याची उकल मात्र वेळेत होत नाही, असे बहुधा निष्पन्न होते. आवाजातील अल्पसा खंडही कानाला खुपतो, डोळ्याला मात्र एखादे चित्र गळाल्याचे सहसा जाणवत नाही. म्हणून बहुतेक प्लेअर आवाजालाच घड्याळ मानतात, आणि मागे पडलेली चित्रे टाकून देऊन त्या घड्याळाला गाठण्याचा यत्न करतात.

काही वर्षांपूर्वी मिरजेतील तंतुवाद्ये घडविणाऱ्या एका घरून मला बोलावणे आले. घरचे वृद्ध कारागीर काही महिन्यांपूर्वी निवर्तले होते. तंबोऱ्याची जवारी काढीत असतानाचे त्यांचे पाऊण तासाचे चित्रण नातवाने आपल्या मोबाइलवर करून ठेवले होते, आणि तेच घरातल्या जुन्या संगणकावर पुढे सरकत नव्हते. काकूंनी तक्रार सांगितली ती अशी : “आवाज येतोय की, हे तेवढे थांबतायत बघा.” इतकी निर्दोष कैफियत माझ्यापुढे क्वचितच कोणी मांडली असेल.

मी विचारले, “काकू, दर वेळी एकाच जागी थांबतं, की तेवढ्याच वेळानं?” या प्रश्नाला मी फार मोल देतो. व्हिडिओ दर वेळी त्याच जागी अडकत असेल, तर फाइलचा किंवा डिस्कचा तो भाग नासलेला असण्याचा संभव; आणि डिस्कचा संशय येताच दुरुस्तीचा कोणताही प्रयोग करण्यापूर्वी तीवरील सारा मजकूर दुसरीकडे उतरवून घेणे हे कर्तव्य होय, कारण आसन्नमरण डिस्कवर चालविलेली तपासणीच कित्येकदा तिचा अंत घडवून आणते. काकूंना सांगता येईना, म्हणून मी चित्रण मधूनच सुरू केले. कारागीर मान खाली घालून काम करीत होते. बाराव्या मिनिटाला ते थांबले, तंबोरा मात्र वाजत राहिला. यंत्र अर्धा तास बंद ठेवून चित्रण आरंभापासून लावले, तेव्हाही बारा मिनिटेच गेली. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा भार पहिल्या क्षणापासून शंभर टक्क्यांना टेकलेला होता.

या भाराचे मूळ चित्रणाच्या घडणीत होते. 1920 गुणिले 1080 बिंदूंचे चित्र सेकंदाला तीस वेळा रंगवायचे, म्हणजे सहा कोटी बावीस लाखांहून अधिक बिंदूंचा हिशेब होतो. तो जसाच्या तसा साठविणे अव्यवहार्य असल्याने काही चित्रे पूर्ण ठेवून बाकीच्यांचे केवळ फरक नोंदविले जातात, आणि पाहताना त्या नोंदींवरून चित्र पुन्हा उभे करावे लागते. नातवाच्या मोबाइलने त्यासाठी एचईव्हीसी ही पद्धती वापरली होती. ती 2013 साली प्रमाणित झाली, आणि काकूंचा संगणक 2010 सालचा. तिची उकल करणारी स्वतंत्र यंत्रणा त्याच्या ग्राफिक्समध्ये असणे शक्यच नव्हते. सारा बोजा प्रोसेसरवर पडे, तो तापे, आणि जळून जाऊ नये म्हणून आपली गती आपणच मंद करी. त्यासाठी त्याला बारा मिनिटे पुरत.

कॅबिनेट उघडले. हीटसिंकच्या पात्यांमध्ये तांबूस भुकटी घट्ट बसली होती. ती रस्त्यावरच्या धुळीहून मऊ होती आणि तिला लाकडाचा वास होता. संगणक कैक वर्षे कारखान्यातच ठेवलेला होता, असे काकू म्हणाल्या. पंख्याचे पाते बोटाने धरून (ते मोकळे सोडून ब्लोअर मारला, तर भलत्या वेगाने फिरून पंख्याचे बेअरिंग जाते) मी ती भुकटी काढली, परंतु हवेत उडू दिली नाही, कागदावर घेतली. वाळून खडीसाखरेसारखी झालेली थर्मल पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. मूळ चित्रण दोन वेगळ्या डिस्कांवर उतरविले आणि त्याची एक प्रत जुन्या यंत्राला पेलेल अशा एच.264 पद्धतीत करून दिली.

मग आम्ही ते सबंध पाहिले. बारावे मिनिट आले आणि गेले. कारागीर घोडीवर तारेखालचे सूत केसभर सरकवीत, तार छेडीत, मान हलवीत आणि पुन्हा सरकवीत. मला त्या छेडण्यांत काही भेद कळत नव्हता. काकू डोळे मिटून बसल्या होत्या; एका छेडीला त्या म्हणाल्या, “आत्ता बोलला.” पडद्यावर त्यांच्या यजमानांनी सुतावरून हात काढून घेतला.