टिपाईच्या रानात एक दिवस

यवतमाळ जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो कापूस. पण वाचकहो, याच जिल्ह्यात पांढरकवड्याच्या शेजारी वाघांचे रान आहे. टिपाई देवीवरून त्याला टिपेश्वर म्हणतात. १९९७ साली अभयारण्य झालेले हे रान सुमारे १४८ चौरस किलोमीटरांचे. भोवती सगळी शेती.

मार्चच्या एका पहाटे सुन्ना फाटकातून आमची जीप आत शिरली. पळस पेटला होता, मोहाचा गोडसर वास दरवळत होता. सागाच्या वाळल्या पानांवर मोर चालला तरी केवढा आवाज! चितळांचा कळप दिसला, रोही दिसली, वारुळापाशी अस्वलाने उकरलेली ताजी मातीही दिसली. वाघाचा मात्र पत्ता नाही.

दुपार कलली. पाणवठ्यापाशी वानर एकदम खाकरले. चितळांच्या माना ताठ झाल्या. अन् गवतातून ती आली! घाई नाही, भीती नाही. वाघीण पाण्यात मागचे पाय टेकून बसली, पाणी प्याली आणि आली तशी निघून गेली. आम्हांला श्वास घेण्याचे भान पाच मिनिटांनी आले.

परतताना वाटाड्या सांगू लागला. त्याचे शेत रानाला लागूनच. रात्री रानडुकरांपासून पीक राखायला तो मचाणावर जागलीला जातो. म्हणाला, "साहेब, दिवसा वाघ दिसू दे म्हणून टिपाईला हात जोडतो, अन् रात्री दिसू नको देऊ म्हणून!"

आम्ही हसलो, तो हसला नाही. त्याचे कारण उघड आहे. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी याच जिल्ह्यात, राळेगावच्या बाजूला गोळीला बळी पडली.

आणि वाघांची तरी काय सोय? येथलाच एक तरणा वाघ २०१९ साली जागा शोधत निघाला. गळ्यात रेडिओ-पट्टा होता म्हणून त्याची वाट कळली. तेलंगण, नांदेड, हिंगोली, वाशीम असे शेता-ओढ्यांतून तेराशे किलोमीटर तुडवीत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला. माणसावर मुद्दाम चालून गेला नाही. दिवसा दडे, रात्री चाले.

रान लहान, वाघ वाढते आणि बांधापलीकडे माणसाची भाकर. वाघाला वाट हवी, जागल्याला निर्धास्त झोप हवी. टिपाईला दोन नवस बोलणाऱ्या त्या माणसाला एकच नवस पुरेल, असे आपण काही करू तेव्हा खरे!