ताकातल्या कण्या

आमच्या डॉक्टरांनी ओट नावाच्या विलायती धान्याची शिफारस केली आणि मराठीच्या प्राध्यापकाची दुकानात पंचाईत झाली. दुकानदाराने तीन पाकिटे पुढे ठेवली. धान्य एकच, पण एकात त्याचे तुकडे, दुसऱ्यात चपट्या चकत्या, तिसऱ्यात नुसते पापुद्रे! एकाला शिजायला अर्धा तास, तर एकाला दोन मिनिटे. मी आपले तिन्ही घेतले.

उलगडा केला तो आमच्या आत्याने. ती करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या काठी राहते. पथ्याचा शिधा म्हणून पाकिटे मी बरोबर नेली होती. तिने चिमूटभर चकत्या तळहातावर घेतल्या. "आरं, ह्ये भरडल्यालं न्हाई, वाफवून दाबल्यालं हाय. पोहंच की! आन् ते तुकडं म्हंजी आपल्या कण्या."

शिकलेल्या माणसाने ऐकावे असे हे निदान होते. ओटात स्निग्धांश जास्त, त्यामुळे टरफल काढल्यावर तो लवकर खवट होतो. म्हणून कारखान्यात त्याला आधी वाफ देतात. मग पोलादी पात्यांनी त्याचे दोनतीन तुकडे केले की कण्या, रुळांखाली दाबला की पोहे. पापुद्र्यांसाठी दाणा आधी तोडतात, जास्त वाफवतात आणि आणखी पातळ दाबतात. पापुद्रा जितका पातळ तितका तो लवकर शिजतो, आणि पोटातही तितकाच लवकर जिरतो.

आत्याच्या कण्यांना कारखाना लागत नाही. शाळूला पाण्याचा हात लावायचा, उखळात सडायचा, कोंडा पाखडायचा आणि जाड भरडायचा. चाळणीखाली पडते ते पीठ, वर उरतात त्या कण्या. शिजल्या की वर ताक, मीठ, ठेचलेला लसूण. खवटपणाचा प्रश्नच नाही. लागेल तेवढेच भरडायचे. पीठही तसेच, ताजे हवे. शिळ्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते.

पण हा शाळू आता आत्याच्या शेतातला नाही. 1980 साली धरण पुरे झाले, तिच्या सासरची काळी जमीन पाण्याखाली गेली. शाळू म्हणजे पावसाने मुरवलेल्या ओलीवर थंडीत येणारे पीक. नव्या जमिनीला धरणाचे पाणी मिळाले आणि तिथे ऊस उभा राहिला. आत्या कुरकुरत नाही. उसावर नातवंडे शिकली, हे ती स्वतःच सांगते. मात्र बाजारात ज्वारी घेताना "मंगळवेढ्याची हाय का?" असे विचारल्याशिवाय आणि दाणा दाताखाली फोडून पाहिल्याशिवाय ती पैसे काढत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही माझी माहिती तिला अगदीच उशिराची वाटली.

त्या रात्री आम्ही दोघांनी कण्या खाल्ल्या. दोन मिनिटांचे पाकीट मात्र तिच्या नातसुनेने ठेवून घेतले. तिला सकाळी सातला शाळेत शिकवायला जावे लागते, आणि उखळ तर आत्याच्या हाताखेरीज घरात कुणाला ठाऊक नाही.