अब्बांच्या वहीतली नाव

पुलगावच्या मुसलमानांचा समुद्राशी संबंध येतो तो दोनच निमित्तांनी. एक म्हणजे मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेले नातेवाईक आणि दुसरे हज. बाकी आमच्याकडे पाणी म्हणजे वर्धा नदी, आणि उन्हाळ्यात तीही तोंडापुरतीच. म्हणून गेल्या वर्षी अब्बांच्या पत्र्याच्या पेटीत शिडाच्या नावेचे चित्र चिकटवलेली वही निघाली तेव्हा घरात कुणालाच काही उलगडा होईना.

अब्बा डेपोत मजदूर म्हणून लागले आणि स्टोअरचे काम पाहता पाहता निवृत्त झाले. दारूगोळ्याचा डेपो. फाटकाच्या आत कॅमेरा नेता येत नाही, नेऊही नये. त्यामुळे चौतीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाचा कामावरचा एकही फोटो आमच्याकडे नाही. लग्नातले दोन, रेशनकार्डावरचा एक, आणि शेवटच्या काळातले मोबाइलमधले काही. ते गेल्यावर मी पेटी उघडली ती खरे तर फोटो सापडेल या आशेने. सापडली ही वही.

शंभर पानी वही, पुठ्ठा सुटलेला. पहिल्या पानावर चित्र आणि त्याखाली अब्बांच्या हातचे उर्दू: ‘तृष्णा. २८ सितंबर १९८५, बंबई से रवाना.’ त्यापुढे तारखा. कुठे एखादी ओळ, ‘रेडिओवर नाव घेतले’. कुठे कात्रण असावे, पण डिंक वाळून ते गळून पडलेले, नुसता पिवळा चौकोन उरलेला. आणि पानामागून पान एकच वाक्य: ‘आज कोई ख़बर नहीं.’ शेवटची नोंद १० जनवरी १९८७ ची.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, पण तृष्णा म्हटल्यावर मला तहान आठवली, बुद्ध आठवला. फोनवर शोधले तर सिनेमे निघाले. बऱ्याच खटपटीनंतर खरी तृष्णा हाती लागली. भारतीय लष्कराच्या अभियंता दलाने इंग्लंडमधून विकत घेतलेली ३७ फुटांची शिडाची नौका. नवी कोरी नव्हे, वापरलेली. आमच्या शाळेचा वर्ग जेवढा लांब असेल त्याहून फार मोठी नाही. के. एस. राव हे तिचे कप्तान आणि सगळे लष्करी अधिकारी. मुंबईहून निघून पृथ्वीला वळसा घालून ती मुंबईलाच परत आली. भारतीयांनी शिडाच्या नौकेतून केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. अब्बांच्या दोन तारखांमधले दिवस मी बोटांवर मोजले, दोन्ही टोके धरून ४७०. जिथे जिथे वाचले तिथेही ४७०च.

एवढी माहिती मिळाली, पण फोटो मिळेना. मला तेच कात्रण हवे होते, स्वच्छ, मोठे, फ्रेम करून भिंतीवर लावता येईल असे. तृष्णा म्हणून जे फोटो लोक फिरवतात त्यातले काही चक्क ‘म्हादेई’चे असतात. म्हादेई खूप नंतरची. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली, ५६ फुटांची, नौदलाची. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींच्या ध्यासातून ती झाली. तिच्यातून दिलीप दोंदे एकटे निघाले १९ ऑगस्ट २००९ ला आणि २२ मे २०१० ला परतले. पुढे अभिलाष टॉमी तर कुठेही न थांबता फिरून आले. त्यांचे फोटो हवे तेवढे आहेत, कारण तोवर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला होता. तृष्णेच्या नशिबी ते नव्हते. १९८५ चे वर्तमानपत्रातले चित्र म्हणजे काळ्या ठिपक्यांची रांगोळी, जवळून पाहिले की नाव नाहीशी होते.

नागपूरच्या एका तिकीट-संग्राहकांकडून मात्र एक वस्तू मिळाली. तृष्णा परत आली तेव्हा, जानेवारी १९८७ मध्ये, टपाल खात्याने तिच्यावर साडेसहा रुपयांचे तिकीट काढले होते. ते मी अम्मीला दाखवले. ती म्हणाली, “साडेछे रुपये का टिकट? तब तो इतने में घर की हफ्तेभर की सब्जी आती थी.” मग थोडा वेळ थांबून, “तेरे अब्बा ने मांगा था. मैंने नहीं दिए पैसे.”

यावर मी काही बोलले नाही. तिकीट तिच्याच उशीखाली आहे.

श्रीवर्धनची एक मैत्रीण आहे माझी, बीएडला एका खोलीत राहायचो. तिच्या घरात दोन पिढ्या तांडेल होते. मी भाकरी खायचे नि ती भात, यावरून आमची वर्षभर भांडणे चालायची. तिला मी वहीतल्या चित्राचा फोटो पाठवला आणि विचारले, ही तृष्णाच ना? पाच मिनिटांत तिचा आवाज आला, “अगं, डोळे आहेत का तुला? डोलकाठ्या मोज.”

मोजल्या. दोन होत्या. तृष्णेला एकच.

इतके महिने मी ज्या फोटोच्या मागे होते तो तृष्णेचा नव्हताच. वाफ देऊन चित्र सोडवले. मागे फेब्रुवारी महिन्याचे तक्ते छापलेले, चौकट अर्धी कापलेली. कुठल्या तरी दुकानाच्या कॅलेंडरवरची परदेशी नाव. अब्बांना खरा फोटो मिळाला नसावा, म्हणून जी नाव सापडली ती चिकटवली आणि खाली तिचे नाव लिहिले. त्या परदेशी नावेचे खरे नाव काय, ती कुठल्या किनाऱ्यावर होती, हे शोधण्यात आता मला काही रस उरला नाही. मैत्रिणीला आहे, ती शोधते आहे.

पण डेपोतल्या मजदुराने ४७० दिवस हे का करावे? अम्मीला विचारले तर ती दादांची गोष्ट सांगते. दादा हजला ‘अकबर’ जहाजाने गेले होते. समुद्रमार्गे हज १९९५ पर्यंत चालू होता, हे आता आमच्या मुलांना सांगावे लागते. अब्बा त्यांना सोडायला मुंबईच्या गोदीपर्यंत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. जहाज दिसेनासे झाल्यावर परत आले ते घरी बसेनात. फोन शेजारीपाजारी कुणाकडेच नाही, तार करणार कोण. दादा परत येईपर्यंत रोज संध्याकाळी ते स्टेशनवर जाऊन उभे राहत, आर्वीच्या छोट्या गाडीच्या फलाटाशी. तिथे कसली खबर मिळणार होती कोण जाणे.

मला त्यांची दुसरीच रात्र आठवते. २०१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस डेपोत आग लागली, घरांच्या काचा थरथरल्या, आसपासची गावे रिकामी केली गेली. माणसे गेली. अब्बा निवृत्त होते. रात्रभर ओट्यावर बसून होते आणि रस्त्याने जो जाईल त्याला विचारत होते, “कुछ ख़बर?”

शाळेत वही नेली होती. सातवीतल्या एका पोराने विचारले, “मॅडम, आपल्या नदीतून समुद्रात जाता येते का जी?” फळ्यावर काढून दाखवले. वर्धा वैनगंगेला मिळते, मग प्राणहिता, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. पोरगा म्हणाला, “म्हणजे मुंबईला नाहीच जात.” नाही जात. पोरे खूप हसली.

वहीत मी तृष्णेचा खरा फोटो लावावा असे मैत्रिणीचे म्हणणे. तिने एक शोधूनही दिला आहे, एका डोलकाठीचा, धूसर. तो मी वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लावला. पहिल्या पानावर कॅलेंडरची नावच परत डिंकाने चिकटवली आहे.

माझा मुलगा मराठी माध्यमात शिकतो, त्याला उर्दू वाचता येत नाही. शिकवणारी मीच, आणि घरात मीच राहून गेले. आता रोज रात्री वहीतले एक पान आम्ही दोघे घेऊन बसतो. अक्षरे सोपी पडतात, कारण वाक्य तेच असते. काल त्याने बोट ठेवून, अडखळत, मदतीशिवाय वाचले: आज, कोई, ख़बर, नहीं. आणि विचारले, “उद्याच्या पानावर काय आहे?”