स्टँडवरचं इंजिन

डिझेलचं काम शाळेत शिकता येत नाही, असं मी अनेक वर्षं मानत आलो आणि कुणी विचारलं तर ठणकावून सांगतही आलो. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात माझं अवजड गाड्यांचं गॅरेज आहे. दहावीचा निकाल लागला की एखादा ड्रायव्हर पोराला घेऊन यायचा. ‘शेठ, याला आयटीआयला घालू का?’ असं विचारायचा. माझं उत्तर ठरलेलं असायचं, ‘वर्ष कशाला घालवता? माझ्याकडं सोडा, हात बसेल त्याचा.’ आता मी हे उत्तर देत नाही. असं का झालं, ते माझ्याच धंद्यातल्या लोकांना सांगावंसं वाटतं.

जुन्या मताची बाजू आधी मांडतो, कारण ते हवेतलं नव्हतं. आम्ही ज्या गाड्यांवर शिकलो त्यांचा पंप मेकॅनिकल होता. इंजिन स्वतःच सगळं सांगायचं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. टॅपेटचा आवाज वेगळा, बेअरिंगचा वेगळा. हे कान आणि नाक उस्तादाशेजारी उभं राहूनच तयार होतात, फळ्यावर लिहून नाही. शिवाय आयटीआयतून आलेली काही पोरं मी पाहिली होती. हातात प्रमाणपत्र असायचं, पण गोटी पाना मागितला तर रिंग पाना आणून द्यायची. मेकॅनिक डिझेल हा ट्रेड एक वर्षाचा. एका वर्षात कुणी मिस्त्री होत नाही, हे तर मी आजही म्हणेन.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहाच्याच नव्या गाड्या विकायच्या, असा नियम झाला. लोकांना वाटतं, सेन्सर आले, स्कॅनर आला, म्हणून माझं मत बदललं असेल. तसं नाही. स्कॅनर चालवायला आमची पोरंही शिकली. मोबाइल चालवणाऱ्याला त्यात अवघड काही नसतं. मला हादरवलं ते एका नटानं.

सहा सिलिंडरपैकी एक मारत नसेल, तर तो शोधायची आमची जुनी रीत आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि इंजेक्टरच्या नळीचा नट एकेक करून ढिला करायचा. ज्याचा नट सोडल्यावर इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. मी हे शिकलो आणि मी शिकवलंही. कॉमन रेलच्या इंजिनात त्या नळीत १६०० बार आणि त्याहूनही जास्त दाब असतो. तिथं नट सैल केला, तर बारीक फवारा निघतो आणि तो हातमोज्यासकट कातडी भेदून आत जातो. बाहेरून टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही. पण डिझेल आतल्या आत पसरतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट जातं, कधी हातही जातो.

माझा मोठा मिस्त्री अशाच एका गाडीवर चौदा-पंधराचा पाना घेऊन वाकला होता. आयटीआय करून नुकताच आमच्याकडं लागलेला मुलगा मागून ओरडला, ‘दादा, नको!’ मिस्त्री चिडला. कालचं पोर आपल्याला शिकवतंय, असं त्याला वाटलं. मुलानं वाद घातला नाही. त्यानं स्कॅनर जोडला आणि एकेक इंजेक्टर तिथूनच बंद करून दाखवला. मग म्हणाला, ‘आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. इंजिन बंद केल्यावरसुद्धा दाब उतरेपर्यंत नळीला हात लावायचा नाही.’

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तो मिस्त्री आमच्या भागातला सगळ्यात तरबेज माणूस आहे आणि त्याची तरबेज रीतच त्याचा हात घेऊन गेली असती. नट का सोडायचा हे त्याला ठाऊक होतं. कधी सोडायचा नाही, हे सांगणारं आमच्यात कुणीच नव्हतं. गॅरेजमध्ये ज्ञान हातातून हातात जातं. गाडी बदलली की तेच ज्ञान कुठं चालेल आणि कुठं घात करेल, हे त्या हाताला कळत नाही. त्यासाठी कारण माहीत असावं लागतं.

युरियाचंही तसंच. बीएस-सहाच्या गाडीच्या वेगळ्या टाकीत ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असलेलं द्रावण लागतं. धुरातला घातक नायट्रोजन ऑक्साइड त्यानं मारला जातो. पैसे वाचवायला काही जण खताचा युरिया पाण्यात विरघळवून ओतायचे. आम्ही नुसतं ‘ओतू नका’ म्हणायचो, ड्रायव्हर ऐकायचा नाही. त्याच मुलानं एका ड्रायव्हरला समजावलं की, शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं लेपन असतं, ते फवारणीच्या नळीत आणि उत्प्रेरकात जाऊन बसतं, आणि मग लाखाच्या घरातला सुटा भाग बदलावा लागतो. ड्रायव्हरला ते पटलं, कारण पहिल्यांदाच कुणीतरी त्याला कारण सांगितलं होतं.

मग मी स्वतः जाऊन पाहायचं ठरवलं. माझा भाचा तेव्हा एका सरकारी आयटीआयत होता. त्याच्या सरांची परवानगी घेऊन मी एका प्रात्यक्षिकाला मागं उभा राहिलो. मधोमध लोखंडी स्टँडवर बसवलेलं जुनं इंजिन होतं. कुठल्याच रस्त्यावर न जाणाऱ्या या स्टँडवरच्या इंजिनांना आम्ही गॅरेजवाले कायम हसत आलो.

मुलं लायनर मोजत होती. आमच्याकडं लायनर झिजलाय का ते पाहायला मिस्त्री आत बोट घालून नख फिरवतो. वरच्या कडेला खाच लागली की झिजलाय. इथं बोअर डायल गेज आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी, प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं, असं एका बोअरचं सहा वेळा माप घेतलं जात होतं. प्रत्येक आकडा वहीत तक्त्यात जात होता. त्यावरून बोअर किती अंडाकृती झालाय आणि किती निमुळता, ते काढायचं. दोन मुलांच्या आकड्यांत दोन शतांश मिलिमीटरचा फरक आला. सरांनी कुणाचं बरोबर ते सांगितलंच नाही. ‘पुन्हा घ्या’ एवढंच म्हणाले. मुलांनी गेज पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा मोजलं, पुन्हा चुकले, पुन्हा मोजलं. तासभर एकच बोअर. कुणी ओरडलं नाही.

मला सारखं एकच जाणवत होतं. इथं गाडीचा मालक बाहेर उभा नव्हता.

माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक इंजिनामागं एक मालक असतो. त्याचा हप्ता थकलेला असतो, माल अर्ध्या वाटेत असतो, ड्रायव्हरचा भत्ता चालू असतो. अशा इंजिनाचं हेड मी नव्या पोराच्या हातात देऊच शकत नाही. म्हणून पोरगा सुरुवातीला ट्रेमध्ये पार्ट धुतो, मग ग्रीस मारतो, मग चाकं उतरवतो, मग पाने आणून देतो. पंपाच्या सेटिंगला उस्ताद पाठ करून बसतो. हातचं राखून शिकवायची ती पद्धतच होती आणि मीही ती सोसली आहे. ‘गॅरेजमध्ये खरं काम शिकायला मिळतं’ असं म्हणताना मी एक गोष्ट धरतच नव्हतो. खरं काम आहे, म्हणूनच तिथं पोराला चुकता येत नाही. आणि चुकायला जागा नसेल, तर तो शिकणार किती? स्टँडवरच्या इंजिनाचा उपयोगच हा आहे की ते कुणाचं नाही आणि त्याला कुठं पोचायचं नाही.

आयटीआयत सगळं ठीक आहे, असं मी म्हणत नाही. मी पाहिलेलं इंजिन मेकॅनिकल पंपाचं होतं. कॉमन रेलचं एकच होतं आणि स्कॅनरभोवती इतकी मुलं, की मागच्या दोघांना पडदा दिसत नव्हता. शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते. इतका जीव लावून शिकवणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षी आपण इथं असू की नाही, हे माहीत नसावं, याचा मला राग येतो. पण यावर उपाय आयटीआय चांगली करणं हाच आहे. पूर्वी मी यातूनच ‘म्हणून गॅरेज बरं’ असा निष्कर्ष काढायचो.

कागदाचीही गोष्ट आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामुळं आयटीआय झालेल्या मुलाला विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळा, गावोगावचे आगार, रेल्वे, मोठे कारखाने ही दारं त्या कागदानं उघडतात. माझ्या मोठ्या मिस्त्रीकडं तो कागद नाही. इंजिनाचा आवाज ऐकून तो कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो, पण उद्या माझं गॅरेज बंद पडलं तर त्याला येतंय काय, हे तो कुणालाही सिद्ध करून दाखवू शकत नाही. त्याचं सगळं आयुष्य माझ्या शब्दावर उभं आहे. हे मला फार उशिरा खटकलं.

कानाचं महत्त्व मी आजही सोडलेलं नाही. स्कॅनर रेलचा दाब कमी आहे एवढं सांगतो. फिल्टर चोंदलाय, पंप थकलाय की इंजेक्टर मागं डिझेल सोडतोय, हे शोधायला माणूसच लागतो. म्हणून आयटीआय झालेल्या मुलांना मी त्याच मिस्त्रीच्या हाताखाली देतो, आणि ती त्याला माप घेऊन दाखवतात. सुरुवातीला तो कुरकुरला. आता नख फिरवून झालं की गेज मागतो.

यंदाही निकालानंतर एक ड्रायव्हर पोराला घेऊन आला. मी म्हटलं, ‘आधी आयटीआयचा फॉर्म भरा. सुट्टीच्या दिवशी पाठवा, काम बघू दे. पुढं उमेदवारीचं मी बघतो.’ तो म्हणाला, ‘शेठ, फी परवडंल. पण धाकट्या दोघांचं शिक्षण आहे, हा वर्षभर कमावणार नाही, ते कसं करायचं?’ जाण्यायेण्याचा पास मी काढून देतो, असं मी सांगितलं. त्यानं मान हलवली. घरी विचारून सांगतो म्हणाला.