ओले पाय, कोरडी पाने

डोक्यावर छत्री धरता येते, अंगाला कोट घालता येतो. सायकलस्वाराच्या पायांचा कैवार मात्र कोणी घेतलेला नाही. रेनकोट गुडघ्यापाशी संपतो आणि वरचे सारे पाणी नेमके तेथेच आणून सोडतो. त्यात कलकत्त्याचे पाणी केवळ आकाशातून येत नाही. ठनठनिया किंवा कॉलेज स्ट्रीटच्या बाजूस पावसाळ्यात जे साचते, त्यात पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला पाऊल एकदा बुडते आणि एकदा वर येते. अशा शहरात सायकल चालवणाऱ्याने पायांत काय घालावे, हा प्रश्न वरवर क्षुद्र वाटतो. ज्याच्यावर तो रोज सकाळी येतो त्याला तो तसा वाटत नाही.

हाजरा रस्त्यावर महाराष्ट्र निवासाच्या परिसरात राहणाऱ्या एका मराठी अभ्यासकाला हा प्रश्न सत्तरीच्या दशकात पडला. मराठीतील आरंभीच्या मुद्रित ग्रंथांचा शोध घेण्यासाठी तो या शहरात आला होता. मराठीचे एक आरंभीचे छापील व्याकरण पुण्यामुंबईस नव्हे, तर हुगळीच्या काठी श्रीरामपुरास 1805 साली छापले गेले. विल्यम केरीचा मराठी कोश तेथूनच 1810 साली मोडी लिपीत निघाला. आणि या साऱ्या उद्योगामागे फोर्ट विल्यम कॉलेजातील वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. बंगालच्या ओलसर हवेत मुद्रित मराठी गद्याने आपली आरंभीची पावले टाकली, ही गोष्ट त्याला मोठी सूचक वाटे. 1953 पासून बेल्व्हेडियरच्या वास्तूत राष्ट्रीय ग्रंथालय सर्वांना खुले झाले होते. काळीघाटावरून आदिगंगेचा पूल ओलांडला की तेथवर सायकलीने अंतर ते किती!

तो आला तो धोतर नेसून. मराठी धोतराचा कासोटा मागे घट्ट खोवलेला असतो, पण पुढच्या निऱ्या आणि सोगा साखळीच्या दातांना निमंत्रणच देतात. बंगाली भद्रलोकांचा ‘कोंचा’ तर हाती धरून चालण्यासाठीच जन्मलेला. शेजारच्या एका वृद्ध बंगाली गृहस्थांनी त्याला सांगितले, “मालकोचा मारून बसा.” तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की कुस्तीगिरासारखा दोन्ही सोगे मागे खोवून मारायचा हा मालकोचा म्हणजे आपला काचाच. कच्छ, काछा, काचा, कासोटा या शब्दांची ओळ त्याने त्या रात्री टिपणवहीत मांडली. दोन भाषा एकमेकींना ओळखतात त्या पुष्कळदा अशा कामाच्या, लाज राखण्याच्या शब्दांवरून.

परंतु काचा मारलेले धोतरही भिजते. सुती कापड पाणी पिते आणि ते सोडावयास तयार नसते. मांडीला चिकटलेले कापड गुडघा मोकळेपणाने वर येऊ देत नाही. म्हणून त्याने सुती विजार शिवली आणि घोट्यापाशी पोलादी क्लिपा लावल्या. साखळीपासून सुटका झाली, पाण्यापासून नाही. मग मेणकापडाची विजार आली. बाहेरचे पाणी तिने अडवले खरे. पण कलकत्त्याच्या दमट हवेत आतला घामही तितक्याच निष्ठेने अडवला, आणि वाचनकक्षात पोहोचेपर्यंत पाय ओले ते ओलेच राहिले. टेरिलीनची विजार लवकर वाळे, पण वाऱ्याला ती मुळीच अडवीत नसे.

जानेवारीतला पाऊस हे या शहराचे एक अवचित पाहुणेपण आहे. पश्चिमेकडून येणारे विक्षोभ कधीकधी बंगालपर्यंत पोहोचतात, आणि एरव्ही चौदा अंशांपाशी रेंगाळणारी पहाट एकाएकी बोचरी होते. नागपूरच्या माणसाने या थंडीला हसावे. पण ती ओल्या कापडातून आत शिरते तेव्हा हसू येत नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय मांडीचे स्नायू श्रमाने तापतात. गुडघ्यावर मात्र मांस असे नसतेच. वारा समोरून येतो आणि पहिला आघात त्या हाडावरच होतो.

अशाच एका सकाळी तो ट्रामच्या रुळांवर पडला. ओला रूळ सरळ काटकोनात ओलांडावा, तिरपे चाक घालू नये, हे त्याला ठाऊक होते. चाक घसरले तेव्हा पाय जमिनीला टेकला असता तर तोल सावरला असता. पण भिजून जड झालेल्या विजारीने गुडघा धरून ठेवला आणि तो क्षण निघून गेला. इजा फारशी झाली नाही. पण मागून ट्राम येत होती आणि ती थांबली म्हणून तो वाचला, ही जाणीव पुढे पुष्कळ दिवस त्याच्यासोबत सायकलीवर बसत असे.

त्याला उठवले ते वर्तमानपत्रे टाकणाऱ्या एका माणसाने. त्याची लुंगी गुडघ्याच्या वर दुमडून कमरेला खोवलेली होती, पाय उघडे होते, आणि कॅरियरवरचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा मात्र मेणकापडात लपेटलेला होता. “चामड्याला पाणी लागत नाही, बाबू,” तो म्हणाला, “कापडाला लागते. कोरडे ठेवायचे ते पुढे न्यायचे असते.” या दोन वाक्यांनी महिन्यांचा प्रश्न सुटला. त्या दिवसापासून हा अभ्यासक पावसात आखूड विजार घालून, गुडघ्यांवर जुन्या लोकरी मोज्यांच्या कापलेल्या नळ्या चढवून निघू लागला. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही, आणि भिजली तरी ऊब टाकीत नाही. कोरडे धोतर आणि पंचा मेणकापडाच्या पिशवीत असे. ग्रंथालयात पोहोचल्यावर पाय पुसून तो धोतर नेसे आणि मगच दीडशे वर्षांच्या पानांना हात लावी. ओल हा कागदाचा शत्रू. ज्या पानांसाठी इतका प्रवास करायचा, त्यांच्यापाशी आपणच ओल घेऊन जाणे हा त्याला अपराध वाटे.

उघड्या गुडघ्यांचा विद्वान पाहून सुरुवातीस काही जण हसले. प्रतिष्ठा पायघोळ वस्त्रात असते, हा समज या देशात जुना आहे. उघडी पोटरी श्रमिकाची मानली गेली. पण याच शहराच्या टाउन हॉलपासून 1926 च्या डिसेंबरात विमल मुखर्जी आणि त्यांचे तीन मित्र सायकलीवर जगाच्या प्रवासाला निघाले होते. मुखर्जी 1937 साली परतले, आणि ‘दुचाकाय दुनिया’ हे त्यांच्या प्रवासाचे पुस्तक बंगाली वाचकांना परिचित आहे. त्यांच्या पायांना कोणी हसले नसेल. अंतर लांबले की पोशाखाचा न्याय बदलतो.

तरीही त्या अभ्यासकाला एक गोष्ट सलत राहिली. त्याच्यापाशी निवड होती. पिशवीत दुसरे धोतर होते, ते नेसायला आडोसा होता, वाळण्यापुरता वेळ होता. वर्तमानपत्रवाल्याचे शहाणपण निवडीतून आलेले नव्हते. ज्याच्याजवळ वाळवण्यासाठी दुसरे वस्त्र नसते त्याने वस्त्रच भिजू न देणे, एवढाच त्याचा अर्थ होता. 1978 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने शहर बुडाले तेव्हा हा अभ्यासक घरात बसून राहिला. दार उघडल्यावर उंबऱ्याशी वर्तमानपत्र होते, आणि ते कोरडे होते.

पुढे तो महाराष्ट्रात परतला. शहराचे नाव 2001 साली कोलकाता झाले. 2008 मध्ये तेथील अडतीस रस्त्यांवर सायकलींना मनाई झाली आणि 2013 मध्ये ती संख्या एकशे चौऱ्याहत्तरांवर गेली. नंतर ती कमी करण्यात आली. त्याच राज्यात 2015 पासून ‘सबुज साथी’ योजनेतून शाळकरी मुलामुलींना सायकली मिळू लागल्या. हे सारे वाचताना वृद्धपणी त्याला आपले जुने कोडे आठवे. पायांत काय घालावे हा प्रश्न पडण्यासाठी आधी पायांखाली रस्ता असावा लागतो.

त्याच्या टिपणवहीतील ते पान आजही आहे. वर केरीच्या व्याकरणातील काही रूपे, मध्ये कच्छापासून कासोट्यापर्यंतची शब्दांची ओळ, आणि तळाशी त्या अनाम माणसाचे वाक्य, बंगालीतच, देवनागरीत उतरवलेले. पानावर पाण्याचा एकही डाग नाही.