सावेडीचा रस्ता आणि चोवीस तासांची शर्यत

नगरला निघालेल्या माणसाला तीन सल्ले हमखास मिळतात. भुईकोट किल्ला पाहा, चांदबिबीचा महाल पाहा आणि रणगाड्यांचे संग्रहालय चुकवू नका. सावेडीला जा असे मात्र कोणी सांगत नाही. सांगणार तरी काय? सावेडी हे शहराच्या उत्तरेचे उपनगर. एके काळी ते वेगळे खेडे होते. शहर वाढत वाढत त्याच्या अंगणात आले आणि अंगण ओलांडून पुढे निघून गेले. आता तिथे प्रोफेसर कॉलनी आहे, गुलमोहर रोड आहे, पाइपलाइन रोड आहे, प्रेमदान चौक आहे. बंगल्यांच्या फाटकांवर 'मातृछाया' आणि 'श्रमसाफल्य' अशी नावे आहेत. सरकारने २०२४ साली शहराचे नाव अहिल्यानगर केले. पण बसस्थानकाबाहेरच्या रिक्षावाल्याच्या तोंडी अजून 'नगर'च बसलेले आहे.

तरीही सावेडीला इतिहास नाही असे म्हणण्याची सोय नाही. भिस्तबाग चौकापासून पुढे गेले की निजामशाहीतला भिस्तबाग महाल लागतो. 'हश्त बिहिश्त', म्हणजे आठ स्वर्ग, हे त्याचे मूळ नाव. सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली ही अष्टकोनी वास्तू पाण्याच्या मधोमध उभी राहावी अशी योजना होती. ज्या मुलखात पाऊस दरवर्षी हुलकावणी देतो, तिथे दुरून खापरी नळांनी पाणी आणून मधोमध महाल उठवायचा, ही हौस केवढी! स्वर्गाची आता पडझड झाली आहे. महालात मी गेलो तेव्हा दोन शेळ्या आणि अभ्यासाचे पुस्तक घेऊन बसलेला एक कॉलेजकुमार एवढीच वस्ती होती.

परंतु सावेडीचा खरा स्वामी महाल नव्हे, रस्ता आहे. नगर–मनमाड रस्ता तिच्या अंगावरूनच जातो. नागापूरची औद्योगिक वसाहत, विळद घाट, राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी, कोपरगाव, येवला आणि मनमाड अशी त्याची माळ आहे. उत्तरेकडून दक्षिणेला जाणारे मालट्रक, शिर्डीचे आणि शिंगणापूरचे भाविक, हंगामात उसाने ओसंडणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, दूधवाले, शाळेच्या रिक्षा, सगळे याच वाटेने. या रस्त्याच्या खड्ड्यांवर आणि अपघातांवर वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे इतके रकाने भरले आहेत की तेवढ्या कागदाने खड्डे बुजले असते, असे एक गृहस्थ मला म्हणाले.

सावेडीत माझी थोरली बहीण राहते. तिचे यजमान, आमचे दाजी, यांचा जन्म नव्या गाड्या चालवून पाहण्यात गेला. एका कारखान्यात ते चाचणीचे चालक होते. जूनमधल्या एका शनिवारी मी त्यांच्याकडे उतरलो, तो संध्याकाळी साडेसातच्या सुमारास सारे घर दूरचित्रवाणीपुढे गोळा झालेले. पडद्यावर मोटारी धावत होत्या. फ्रान्समधल्या ल माँ या गावी तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि चोवीस तासांच्या शर्यतीला नुकतीच सुरुवात झाली होती.

"चोवीस तास त्याच वाटेवर घिरट्या घालायच्या! यात पाहायचे तरी काय, दाजी?" मी विचारले.

"कोण पुढे आहे ते आत्ता पाहू नका," ते म्हणाले. "कोण उद्या संध्याकाळपर्यंत टिकतो ते पाहा. आम्ही उभा जन्म तेच पाहिले."

मग त्यांनी आपल्या धंद्याची रीत सांगितली. नवी गाडी कागदावर कितीही देखणी असो, तिला आधी दगडांच्या वाटेवर हाणतात. पन्हाळीदार पत्र्यासारख्या लाटांच्या रस्त्यावर खिळखिळी करतात. पाण्यातून, चिखलातून, चढावरून नेतात. चालक पाळ्या बदलतात, गाडीला विश्रांती नाही. कुठला बोल्ट ढिला झाला, कुठे चीर गेली, ब्रेक तापल्यावर कसा लागतो, याची नोंद होते. घरच्या माणसाने दहा वर्षांत गाडीचे जे हाल करायचे, ते काही आठवड्यांत उरकायचे. "गाडी आमच्या हातात मोडली तर फायदा," दाजी म्हणाले, "तुमच्या हातात मोडली तर घात."

ल माँची शर्यत निघाली ती नेमक्या याच विचाराने. १९२० च्या आसपास मोटारींच्या शर्यती पुष्कळ होत्या. पण त्यांतल्या गाड्या केवळ शर्यतीपुरत्या बांधलेल्या, त्यांचा गिऱ्हाइकाला उपयोग काय? पश्चिम फ्रान्समधल्या मोटार क्लबचे चिटणीस जॉर्ज द्युराँ, पत्रकार शार्ल फारू आणि चाकांच्या धंद्यातले एमिल कोकिय या तिघांनी ठरवले की दुकानात मिळते तशी मोटार घ्यावी आणि तिला दिवस-रात्र पळवावी. रात्र मुद्दाम घातली, कारण त्या काळचे दिवे भरवशाचे नव्हते. २६ मे १९२३ रोजी तेहतीस गाड्या निघाल्या. पाऊस आला, अंधार आला. तरी तीस गाड्या दुसऱ्या दिवशी शेवटपर्यंत पोहोचल्या. लागाश आणि लेओनार या दोघांची शेनार-वाल्कर गाडी सर्वांत लांब, म्हणजे २,२०९ किलोमीटर गेली. सरासरी वेग ताशी ९२ किलोमीटर.

त्या पहिल्या शर्यतीतली एक हकीकत नगर–मनमाड रस्त्यावरच्या कोणाही प्रवाशाला आपलीशी वाटेल. इंग्लंडहून आलेली एकुलती एक बेंटली गाडी वेगात चांगली होती. पण उडालेल्या दगडाने तिची पेट्रोलची टाकी फोडली आणि ती वाटेतच उभी राहिली. चालक पायी तळावर आला. मग त्याचा जोडीदार सायकलवरून पेट्रोलचे डबे घेऊन गाडीपाशी गेला, भोक बुजवले आणि गाडी पुन्हा धावू लागली. बेंटली चौथी आली. दुसऱ्या वर्षी, १९२४ साली, तीच पहिली आली.

ल माँ हेही तसे मोठ्या दिमाखाचे शहर नव्हे. सार्थ नदीकाठचे, मधल्या फळीतले. १९०६ साली मोटारींची पहिली ग्रां प्री याच भागात झाली आणि १९०८ साली विल्बर राइटने आपले विमान युरोपला पहिल्यांदा उडवून दाखवले तेही इथेच. शर्यतीच्या वाटेचा बराच भाग नेहमीच्या रहदारीचा आहे. ज्या सरळ पट्ट्यावर शर्यतीच्या गाड्या ताशी तीनशेच्या पुढे जातात, त्यावरून एरवी तूरकडे जाणारे ट्रक आणि भाजीवाले जातात. एक आठवडा तो रस्ता शर्यतीचा. बाकी एक्कावन्न आठवडे संसाराचा.

रात्री जेवणे झाली. ताईने पिठले-भाकरी केली होती. मुले झोपली, दाजी आणि मी बसून राहिलो. पडद्यावर फक्त दिवे पळत होते. अशा वेळी माणूस जुन्या गोष्टी काढतो. दाजींनी पिएर लव्हे याची गोष्ट काढली.

१९५२ साली हा फ्रेंच चालक आपली टालबो गाडी घेऊन उतरला. गाडीला दोन चालक असत; पण लव्हेने जोडीदाराला हात लावू दिला नाही. एकटाच चालवत राहिला. रात्र गेली, सकाळ झाली, दुपार झाली. मर्सिडिस कंपनीच्या नव्याकोऱ्या गाड्या मागे टाकून तो कित्येक फेऱ्यांनी पुढे होता. जवळजवळ तेवीस तास एका माणसाने गाडी हाकली आणि शर्यत संपायला तासाभराहून थोडाच अधिक वेळ उरला असता इंजिन मोडले. जिंकली मर्सिडिस.

"माणूस टिकला, गाडी गेली," मी म्हणालो.

"तसे लोक म्हणतात," दाजी म्हणाले. "मी म्हणतो, जोडीदाराला चाक न देणारा माणूस आधी मोडलेला असतो. थकल्या हाताला इंजिनाचा आवाज कळत नाही."

तीन वर्षांनी मर्सिडिस कंपनीने याच लव्हेला आपल्या गाडीवर बोलावले. ११ जून १९५५. शर्यत सुरू होऊन अडीच तासही झाले नव्हते. पुढची एक गाडी तळाकडे वळण्यासाठी एकाएकी मंदावली, तिला चुकवायला दुसरी बाजूला झाली आणि लव्हेची गाडी तिच्यावर चढून प्रेक्षकांच्या बांधावर आदळली. लव्हे आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक ठार झाले. मोटारशर्यतींच्या इतिहासात एवढा मोठा अनर्थ दुसरा नाही. शर्यत थांबवली नाही. लोक एकदम निघाले तर रुग्णवाहिकांची वाट अडेल, असे चालकमंडळाचे म्हणणे. मर्सिडिसने मध्यरात्रीनंतर आपल्या गाड्या काढून घेतल्या आणि पुढे तीन दशके ती कंपनी अशा शर्यतींपासून दूर राहिली. स्वित्झर्लंडने तर आपल्या देशात वर्तुळाकार मार्गावरच्या शर्यतींवर बंदीच घातली.

ही गोष्ट ऐकल्यावर मला शर्यत पाहवेना. लोकांनी मरावे आणि आपण चहा घेत पाहावे, हा कसला खेळ? दाजींनी वाद घातला नाही. "सकाळी आपण राहुरीपर्यंत जाऊन येऊ," एवढेच म्हणाले.

सकाळी गाडीत बसलो. मी मागच्या बाजूला ऐसपैस बसलो, तर दाजी गाडी सुरूच करेनात. "पट्टा लावा."

"मागे बसल्यावर कशाला, दाजी? आणि इथे राहुरीला तर जायचे!"

"इक्स नावाच्या माणसाने हेच दाखवून दिले," ते म्हणाले, आणि रस्त्याने जाता जाता सांगितले. ल माँला पूर्वी अशी प्रथा होती की चालकांनी रस्त्याच्या एका कडेला उभे राहायचे आणि निशाण पडताच धावत जाऊन पलीकडच्या आपापल्या गाडीत उडी मारायची. पाहायला मौज, पण त्या घाईत पट्टा कोण बांधणार? १९६९ साली जॅकी इक्स हा तरुण बेल्जियन चालक धावलाच नाही. सगळे पळत असता तो चालत गेला, शांतपणे पट्टा बांधला आणि सर्वांच्या शेवटी निघाला. त्याच शर्यतीच्या पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हा चालक अपघातात गाडीबाहेर फेकला जाऊन मेला. त्याचा पट्टा बांधलेला नव्हता. आणि शेवटी निघालेला इक्स? चोवीस तासांनंतर त्याची फोर्ड दुसऱ्या गाडीच्या शंभर-सव्वाशे मीटर पुढे राहून पहिली आली. पुढच्या वर्षापासून ती धावाधाव बंद झाली.

मी पट्टा लावला. विळद घाटाच्या अलीकडे एक मालट्रक रस्त्याच्या मध्येच आस मोडून पडला होता. एका मोटारसायकलवर नवरा, बायको आणि दोन मुले खड्डा चुकवत चुकवत चालली होती. कोणाच्याच डोक्यावर टोप नव्हता.

येताना दाजींनी गाव पाहण्याची एक नवी दृष्टी दिली. नगरला आपण निजामशाहीचे आणि दुष्काळाचे शहर म्हणतो. ते चाकांचेही शहर आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे स्वातंत्र्याच्या आरंभापासून आहे. १९९४ साली उघडलेल्या संग्रहालयात रोल्स-रॉइसची चिलखती मोटार आणि १९६५ च्या युद्धातला पॅटन रणगाडा शेजारी उभे आहेत. फाळणीनंतर रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून सैन्याच्या वाहनांची तपासणी नगरला आली; तिची आजची वाहन संशोधन संस्था वाहननगरला आहे आणि केंद्रीय मोटार नियमांनुसार नव्या गाड्या तपासणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांत तिचे नाव आहे. आणि कारकुनापासून शिक्षिकेपर्यंत साऱ्या मध्यमवर्गाला पहिल्यांदा यंत्रावर बसवणारी लूना, तीही १९७२ पासून नगरच्याच कायनेटिक कारखान्यातली.

आपल्याकडून ल माँला कोणी गेले का, असे मी विचारले. २००९ साली नारायण कार्तिकेयन गेला होता. पण शर्यतीआधीच पडून त्याचा खांदा दुखावला. २०१२ साली करुण चांढोक धावला आणि त्याची गाडी सहावी आली. उलट ल माँचा विजेताही आपल्या मुलखात येऊन गेला आहे. लुसियाँ बियांकीने १९६८ च्या सप्टेंबरात ल माँ जिंकले आणि डिसेंबरात तो लंडन–सिडनी मोटार मॅरेथॉनमध्ये दिल्लीवरून मुंबईला पोहोचला. मुंबईत गाड्या 'चुसान' बोटीवर चढल्या आणि ऑस्ट्रेलियाला गेल्या. तिथे शेवटच्या टप्प्यात, विजय हाताशी आला असता, त्याच्या गाडीला समोरून येणारी एक साधी मोटार धडकली. बियांकी जायबंदी झाला आणि अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर जिंकली. ज्याने बंद रस्त्यावरची चोवीस तासांची शर्यत जिंकली, त्याला उघड्या रस्त्याने हरवले.

मला वाटते, या साऱ्या कथेचे मर्म तिथेच आहे. ल माँने आपल्याला पुष्कळ दिले. १९५३ साली जग्वारने तिथे जिंकून दाखवलेले चकतीचे ब्रेक आज आपल्या दारातल्या साध्या गाडीलाही असतात. २०१० साली एका ऑडीने एका दिवसात ५,४१० किलोमीटर तोडले, म्हणजे नगर–पुणे अंतराच्या पंचेचाळीसपट. पण ब्रेक किती चांगला याची कसोटी त्या मार्गावर लागते आणि तो कधी लावायचा याची कसोटी लागते सावेडीच्या चौकात. तिथे नियम मोडल्याचे निशाण कोणी दाखवत नाही, तळावर मदतनीस उभे नसतात. चालकाने चौदा तासांहून अधिक चाक धरू नये असा ल माँचा आज नियम आहे. रात्रभर ट्रक हाकणाऱ्या आपल्या ड्रायव्हरला जोडीदार कोण देणार?

दिवाळीच्या सुटीत अनेक कुटुंबे गाडी काढून शिर्डीला, शिंगणापूरला, गावाकडे निघतील. सावेडीवरून जाल तेव्हा भिस्तबाग जरूर पाहा. थकवा आला तर चाक दुसऱ्याच्या हाती द्या, मागे बसलेल्या आजींनाही पट्टा बांधा. उशीर झाला तर होऊ द्या. घरी वाट पाहणारी माणसे घड्याळ पाहत नसतात, फाटकाचा आवाज ऐकत असतात.