जखमी येईपर्यंत थांबायचं नाही

बालाघाट,
आषाढ

चि. मेघना हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

इमर्जन्सी मेडिसिनचं एम.डी. झालं की युद्धभागातल्या पथकात जायचं म्हणतेस. ताईने जेवण टाकलंय, आणि तू मला बाजू घ्यायला सांगतेस. घेतो, पण एका अटीवर. अट शेवटी, आधी हे ऐक.

1938 साली काँग्रेसने युद्धात सापडलेल्या चीनला पाच डॉक्टर पाठवले. त्यांतले डॉ. चोलकर नागपूरचे. तेव्हा बालाघाटही मध्य प्रांतातच, म्हणजे आपलेच म्हणायचे. आज त्यांचं नाव कोण घेतं? त्याच पथकातल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर शांतारामबापूंनी 1946 साली सिनेमा काढला, म्हणून ते तरी ठाऊक.

कोटणीस ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याला कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचं नाव होतं. स्पेनच्या यादवीत याच माणसाने रक्ताच्या बाटल्या मोटारीत घालून आघाडीपर्यंत नेल्या. जखमी येईपर्यंत थांबायचं नाही, आपण त्याच्याकडे जायचं, हा त्यांचा हेका. 1939 साली चीनमध्ये शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, त्यातून विष अंगभर भिनलं आणि ते गेले. कोटणीसही 1942 साली तिकडेच वारले, वय अवघं 32. हे ताईला वाचून दाखवू नकोस.

आता आपल्याकडचं बघ. पावसाळ्यात बैहरकडे जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावते. दंश धड दिसत नाही, सूजही नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात आणि श्वास मंदावतो. प्रतिविष दिलं तरी श्वास दुसऱ्या कुणीतरी चालवावा लागतो. घाट उतरताना गाडीत अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत बसलेला पोरगा मी पाहिलाय, रोग्याचा भाऊ. कुणी शिकवलेलं नाही, समोर छाती वर येते का एवढंच बघत होता. बालाघाटहून पुढे गोंदिया, नाहीतर थेट नागपूर. तेवढा वेळ त्या पोराच्या मनगटात दम पाहिजे.

तर अट ही : जाण्याआधी एक पावसाळा बैहरला काढ. तिथल्या गाडीवाल्यांना आणि आशाताईंना बॅग कशी धरायची, मान कशी ठेवायची, ते शिकव. तुझ्या पथकातही हेच करावं लागेल, फक्त भाषा निराळी.

ताईशी मी गणपतीत बोलतो. तोवर पासपोर्टची मुदत बघून ठेव.

तुझा,
मामा